दुखण्याचं व्हाउचर

माणसाला टाच असते, ही गोष्ट चाळिशीपर्यंत फारशी कुणाच्या ध्यानात येत नाही. कवींनी डोळ्यांवर लिहिलं, केसांवर लिहिलं, पाऊलसुद्धा 'चरणकमल' होऊन देवघरात जाऊन बसलं. टाचेच्या वाट्याला आल्या त्या फक्त भेगा. मराठी भाषेला तिची आठवण झाली तीही जप्तीच्या वेळी! कर्ज थकलं की मालमत्तेवर 'टाच' येते. मी बी. कॉम. होऊन बँकेत कारकुनाला लागलो तेव्हापासून लोकांच्या घरादारावर आलेल्या टाचा पुष्कळ पाहिल्या. खुद्द माझ्या टाचेवर टाच आली ती मागच्या पावसाळ्यात.

सकाळी उठून पहिलं पाऊल जमिनीला टेकवलं की टाचेत खिळा ठोकल्यासारखी कळ. चार पावलं चाललं की ती निवते आणि जरा वेळ बसून उठलं की पुन्हा हजर. माझं घर डहाणूला आणि शाखा तलासरीला. एस.टी.त हसत चढायचं आणि उतरताना ओरडायचं, असा नित्यक्रम सुरू झाला. पण विश्वास कुणाचाच बसेना. ताप आला तर थर्मामीटर साक्षीला असतो, दात दुखला तर गाल फुगतो. माझी टाच मात्र बाहेरून अगदी सज्जन! "दिसत तर काहीच नाही," आमची ही म्हणाली. शाखाधिकाऱ्यांनी माझ्या लंगडण्याकडे न बघता भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

मग एक्स-रे काढला. टाचेच्या हाडाला खालच्या बाजूनं, बोटांकडे रोखलेला, गुलाबाच्या काट्यासारखा एक काटा फुटलेला होता. त्या दिवसापासून माझी पत वाढली. शाखाधिकाऱ्यांनी ती फिल्म ट्यूबलाइटसमोर धरली, उलटी धरली, मग सुलटी धरली आणि म्हणाले, "अरे बापरे! बसा, बसा." टाच तीच, कळ तीच. फक्त आता तिला व्हाउचर जोडलेलं होतं.

सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. वीट तापवा, तिच्यावर रुईची पानं ठेवा आणि टाच शेका, असं निम्म्या डहाणूनं सांगितलं. (पंढरीचा पांडुरंग इतकी युगं विटेवर का उभा आहे, याचा मला प्रथमच उलगडा झाला.) कुणी सिलिकॉनची गादी बुटात घालायला सांगितली, कुणी पाण्याची बाटली फ्रीजरमध्ये गोठवून तळव्याखाली लाटायला सांगितली. पण बहुमत एकाच गोष्टीवर होतं: "हाड वाढलंय ना? मग कापून टाका की!"

डॉक्टर मात्र विचित्र निघाले. त्यांनी दुसऱ्या पायाचाही एक्स-रे काढायला लावला. त्या टाचेत पहिल्यापेक्षा मोठा काटा! आणि ती टाच आजवर एका शब्दानंही बोललेली नव्हती.

"हे असंच असतं," डॉक्टर म्हणाले. "टाच न दुखणाऱ्या कितीतरी माणसांच्या एक्स-रेत हा काटा सापडतो. तुमचं दुखणं बहुधा त्याचं नाहीच. टाचेपासून बोटांपर्यंत तळव्याला एक जाड पट्टा असतो, तो कुरकुरतोय."

म्हणजे काटा नुसता गुन्ह्याच्या जागी उभा होता. तो कापणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी! पण संन्यासी फोटोत आला होता आणि चोर आला नव्हता. तो साध्या एक्स-रेत नीट दिसतच नाही. आपण एरवीही दिसेल त्यालाच धरतो, नाही का?

डॉक्टरांनी मांडलेला हिशेब मला पटला. दहातले आठ-नऊ रोगी ऑपरेशनशिवाय साधारण वर्षभरात बरे होतात. पोटरीला आणि तळव्याला ताण देण्याचे व्यायाम रोज करायचे, टाचेखाली मऊ काहीतरी ठेवायचं, वजन उतरवायचं. स्टेरॉइडचं इंजेक्शन काही आठवडे आराम देतं, पण पुनःपुन्हा घेतलं तर तो पट्टा तुटू शकतो आणि टाचेची नैसर्गिक गादी झिजते. यंत्रानं धक्के देण्याचाही एक उपचार आहे. सहा महिने ते वर्षभर हे सगळं करून भागलं नाही, तरच ऑपरेशनचं नाव काढायचं. त्यातही कापायचा तो मुख्यतः पट्ट्याचा काही भाग, काटा कित्येकदा तसाच ठेवतात. पुढे काही आठवडे पाय जपायचा, पूर्ववत व्हायला काही महिने. पट्टा जास्त कापला गेला तर पावलाची कमान बसते, नस दुखावली तर बधिरपणा येतो. थोडक्यात, मुदत ठेव मुदतीपूर्वी मोडली तर दंड पडतो, हे मला कुणी समजावून सांगायला नको होतं.

घरी मात्र निराशा पसरली. ऑपरेशन म्हटलं की नातेवाईक मोसंबी घेऊन येतात. 'पोटरी ताणतोय' म्हटल्यावर कोण येणार?

व्यायाम करताना भिंतीला हात लावून तासन्‌तास उभं राहावं लागतं आणि रिकाम्या डोक्यात नसते प्रश्न येतात. राँटजेननं क्ष-किरण शोधले १८९५ साली. त्याआधी माणसांच्या टाचा दुखत नव्हत्या का? सुश्रुतानं 'वातकंटक' सांगून ठेवलाय. पाऊल वेडंवाकडं पडल्यानं होणारं दुखणं. त्याच्यापुढे फिल्म नव्हती. रोगी 'दुखतंय' म्हणाला आणि सुश्रुतानं ते खरं मानलं. मग आम्हालाच दुसऱ्याचं दुखणं खरं मानायला कागद का लागतो?

बँकेतल्या माणसानं हे विचारणं म्हणजे कसायानं अहिंसेवर बोलणं, हे मला मान्य आहे. दर नोव्हेंबरात पेन्शनर स्वतःच्या पायांनी काउंटरवर येतात, नमस्कार करतात, आणि आम्ही त्यांच्याकडे हयातीचा दाखला मागतो! २०१४ पासून तो अंगठा यंत्रावर टेकवूनही देता येतो. पण आयुष्यभर शेतात आणि वीटभट्टीवर झिजलेला अंगठा यंत्राला ओळखू येत नाही. माणूस हसतोय, खोकतोय, आणि यंत्र म्हणतंय, पटत नाही.

आमच्या शाखेत निराधार योजनेचे पैसे काढायला एक वारली आजी येतात. एकदा रांगेत त्या उजवा पाय टाचेवर न टेकवता चवड्यावर उभ्या होत्या. ही पोझ आता मी शंभर माणसांत ओळखतो. मी विचारलं, "आजी, टाच दुखते का?"

"दुखं तं. मंग काय?" आजी म्हणाल्या आणि रांगेत एक पाऊल पुढे सरकल्या.

"त्यांना सवय असते हो," आमचे कॅशियर म्हणाले.

कॅशियर माणूस चांगला, पण वाक्य फार जुनं आहे. तलासरीतल्या झरी गावी १९४५ च्या मे महिन्यात वारली जमले आणि वेठ करायची नाही असं ठरलं. त्याआधी वेठ घेणाऱ्या जमीनदारांनाही याच वाक्यानं शांत झोप लागत असणार. गोदावरी परुळेकरांनी ती हकीकत 'जेव्हा माणूस जागा होतो'मध्ये लिहिली आणि १९७२ साली पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. म्हणजे त्या दुखण्यालाही व्हाउचर लागलं, पण किती वर्षांनी!

एस.टी. चारोटीवरून गेली की विवळवेढ्याची महालक्ष्मी लागते. देवीचं मूळ ठाणं डोंगरावर. एक गरोदर भक्तीण चढता चढता थकली, म्हणून देवीच खाली पायथ्याशी आली, अशी कथा सांगतात. देवीनं 'कितवा महिना, कागद दाखव' असं विचारल्याचं कथेत कुठं नाही.

मी शाखाधिकाऱ्यांना सुचवलं, की काउंटरसमोर खुर्च्या ठेवू. जो म्हणेल पाय दुखतो, त्यानं बसावं.

"मग उद्या सगळ्यांचेच दुखतील!" ते म्हणाले.

मी त्यांच्याच भाषेत बोललो. "साहेब, नियमित हप्ते भरणाऱ्या खात्यांवरसुद्धा आपण बुडण्याची थोडी तरतूद करतोच ना? दहा जणांवर विश्वास ठेवला आणि दोघं खोटं बोलले, तर बुडीत काय? दोन खुर्च्या, अर्धा तास. दहाही जणांवर अविश्वास दाखवला तर आठ टाचा बुडीत जातात."

साहेब बराच वेळ कॅलक्युलेटरकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पण रांगेतला नंबर जाईल त्याचं काय?"

हा प्रश्न खरोखर अवघड होता. सध्या काउंटरसमोर चार खुर्च्या आहेत. आजी येतात, फरशीवर पाय पसरून, भिंतीला टेकून बसतात आणि नंबर राहावा म्हणून खुर्चीवर त्यांची पिशवी ठेवतात. परवा कुणीतरी ती पिशवी उचलायला गेलं, तेव्हा कॅशियर आतून ओरडले, "अहो, बसू द्या तिला!"