शेवटी गाब्रिएलेला नेतातच

परक्या माणसाशी ध्यानीमनी नसताना मैत्री जमते आणि पूर्वग्रह गळून पडतो, असा चित्रपट दिसला की 'माणुसकीचा विजय' म्हणून तो डोक्यावर घ्यायची हल्ली रीतच पडली आहे. एत्तोरे स्कोलाच्या १९७७ च्या 'ऊना जोर्नाता पार्तिकोलारे'लाही त्याच रांगेत बसवतात, याचा मला राग येतो.

माणसं एकमेकांना समजली म्हणजे प्रश्न सुटतो, असा भाबडेपणा इटालियन सिनेमात आधीही नव्हता. रोस्सेलिनीच्या 'पाइझा'त (१९४६) बूट चोरणाऱ्या पोराला पकडून एक कृष्णवर्णीय अमेरिकन शिपाई त्याच्या घरी जातो. घर म्हणजे बेघरांनी भरलेली गुहा. ती पाहून तो बूट तिथेच टाकून निघून जातो. त्याला सगळं कळलेलं असतं, पण पोराच्या आयुष्यात काही बदलत नाही.

स्कोलाने केलेला बदल मात्र भल्याभल्यांच्या नजरेतून सुटतो. त्याचा परका कुठल्या परमुलखातून आलेला नाही. ६ मे १९३८ या दिवशी रोममधली एक अख्खी चाळ हिटलरच्या स्वागताला गेली आहे. मागे उरलेत सहा मुलांची आई आंतोनिएत्ता, रेडिओवरून काढून टाकलेला निवेदक गाब्रिएले आणि इमारतीची पहारेकरीण. तिच्या रेडिओवर संचलनाचं वर्णन दिवसभर मोठ्याने चालू असतं. आंतोनिएत्ताची मैना उडून समोर गाब्रिएलेच्या घराशी जाते आणि दोघांची ओळख होते. या बाईने बटणं जोडून मुसोलिनीचं चित्र केलंय, त्याच्या कात्रणांची वही जपलीय. राजवटीला हवी तशी ही गृहिणी, पण स्वतःच्या घरात तिला कोणी विचारत नाही. गच्चीत, वाळत घातलेल्या चादरींमध्ये, गाब्रिएले आपण समलिंगी असल्याचं सांगतो तेव्हा ती त्याला थप्पड मारते. पुढे दोघं जवळ येतात. पण यामुळे काहीच बदलत नाही, हे तोच तिला सांगतो. आणि त्याच संध्याकाळी त्याला घेऊन जातात.

हे नेणं नीट पाहायला हवं. १९३० च्या फॅसिस्ट दंडसंहितेत समलैंगिकतेविरुद्ध कलमच नव्हतं. मसुद्यात होतं, ते गाळलं. असे पुरुष इटलीत नाहीतच, असं दाखवायचं होतं. मग खटला न चालवता पोलिसी आदेशाने माणसाला दूर बेटावर धाडायचं. अविवाहित पुरुषांवरचा कर तर १९२७ पासूनच होता. पूर्वग्रह असा कार्यालयांतून चालवला जात होता. आंतोनिएत्ताचं मन कितीही वळलं, तरी तो आदेश तिच्या हातात नव्हता.

म्हणूनच आंद्रेआ सेग्रेच्या 'इओ सोनो ली' (२०११) या चित्रपटाबद्दल बोलताना नुसता गावाचा कोतेपणा सांगून भागत नाही. कियोज्जाच्या बारमध्ये राबणारी चिनी शुन ली आणि म्हातारा कोळी बेपी यांची मैत्री तुटते, ती तिला घातलेल्या धाकामुळे. त्याला भेटत राहिलीस तर तुझ्यावरचं कर्ज पुन्हा पहिल्यापासून फेडावं लागेल, असं तिला कामाला लावणाऱ्यांनी बजावलेलं असतं. आणि ते फिटेपर्यंत तिचा मुलगा तिच्याकडे येणार नसतो.