ठेवण्याची जागा

अळू चिरण्याआधी हाताला तेल लावायचं, हे कुणी मुद्दाम शिकवत नाही. एकदा हात खाजले की आयुष्यभर लक्षात राहतं. म्हैसूरच्या देवराज मार्केटात पावसाळ्यात केसुविन सोप्पूच्या जुड्या दिसतात. केसु म्हणजे आपलं अळूच. पानं पिशवीत टाकता टाकता भाजीवाली सांगते, "हुणसेहण्णु हाकी." चिंच घाला. देशावर त्यात आंबट चुका पडतो, कोकणात आमसूल. भाषा बदलते, आमटीचं नाव बदलतं. खाज तीच राहते, आणि तिच्यावरचा उताराही तोच, आंबट.

ही खाज कुठून येते ते सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं. अळूच्या पानात, देठात, कंदात काही वेगळ्या पेशी असतात. त्यांच्या आत कॅल्शियम ऑक्झलेटच्या स्फटिकांच्या सुया जुडी बांधल्यासारख्या बसलेल्या असतात. सुई इतकी बारीक की नुसत्या डोळ्याला दिसत नाही. दोन्ही टोकं अणकुचीदार, अंगावर खाचा, कुठे कुठे उलटे दाते. पेशी टोकाला निमुळती असते आणि आत चिकट द्रव असतो. पान दुखावलं आणि पाणी आत शिरलं की तो द्रव फुगतो. मग टोकाच्या बारीक तोंडातून सुया एकामागून एक बाहेर फेकल्या जातात. पान हलत नाही, ओरडत नाही. त्याचं उत्तर मात्र तयार असतं.

सुई टोचते म्हणून खाज येते, असं आपण समजतो. गोष्ट तेवढी सरळ नाही. 2014 मध्ये जपानी संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी किवी फळातल्या अशाच सुया एरंडाच्या पानांवर लावून एरी रेशमाच्या अळ्यांना खायला दिल्या. अळ्यांचं फारसं बिघडलं नाही. मग प्रथिनं तोडणारं एक विकर एकटंच लावून पाहिलं. तेव्हाही फार काही झालं नाही. दोन्ही एकत्र लावली, तेव्हा अळ्या थोडंसं खाऊनच मेल्या. सुई फक्त वाट करून देते. आग दुसऱ्याचीच असते.

अळूतही असंच असावं, असं मानलं जातं. म्हणून भाजी पुरेशी शिजली की खाज जाते. सुया सहजी विरघळत नाहीत, बहुतेक तशाच राहतात. उष्णतेने त्यांच्यासोबतचं प्रथिन मात्र निकामी होतं. आपण अळूच्या फदफद्यावर ताव मारतो, तेव्हा त्या सुयाही पोटात जातात आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

म्हैसूरला रेशमाच्या अळीचं कौतुक नवं नाही. 1961 पासून इथे केंद्रीय रेशीम संशोधन संस्था आहे, आणि भोवतालच्या खेड्यांत तुतीचे मळे आहेत. तुतीच्या पानातही कॅल्शियमचे खडे असतात. त्यातले काही गोलसर, चुनखडीचे. त्यांच्यासकट पान खाऊन रेशमाची अळी कोसला विणते. पानात खडा असणं आणि पान बोचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग झाड हे स्फटिक करतं तरी कशाला? मुळं पाणी ओढतात, तेव्हा पाण्याबरोबर कॅल्शियमही येतं. ते किती यावं यावर मुळांचा फारसा ताबा नसतो. जमीन देईल तसं ते येत राहतं. थोडं हवं असतं, फार झालं की पेशीचं काम बिघडतं. झाडाला जागा सोडून जाता येत नाही. नको असलेलं सारं बाहेर टाकायची सोयही त्याच्याकडे नाही. मग ते ऑक्झलेट तयार करतं, त्याच्याशी कॅल्शियमची गाठ घालून देतं आणि तो क्षार एका पेशीत वेगळा ठेवतं. काही झाडांत असा क्षार सुकलेल्या वजनाच्या निम्म्याहूनही जास्त भरतो. दोनशेहून अधिक वनस्पतिकुळांत तो सापडला आहे.

त्याचा आकार मात्र सगळीकडे सारखा नसतो. कुठे सुया, कुठे चौकोनी खडे, कुठे चांदणीसारखे गोळे, कुठे नुसती वाळू. रसायन एकच. पेशी आधी आत एक कप्पा तयार करते आणि स्फटिक त्याच्या मापात वाढतो. आत काय आलं ते जमीन ठरवते. त्याचं काय झालं ते पेशी ठरवते.

म्हैसूरच्या आसपास, कोरडवाहू नाचणीच्या रानात, खुरपणी करताना बायका आपोआप उगवलेला पाला खुडून ओच्यात घेतात. चार प्रकारची पानं एकत्र आली की तो बेरके सोप्पू. संध्याकाळी त्याचं सारू, म्हणजे पातळ सार होतं आणि नाचणीच्या गोळ्याबरोबर, मुद्देबरोबर, जेवण होतं. या पाल्यात राजगिऱ्याच्या कुळातली पानं असतात. त्यांतही हेच कॅल्शियम ऑक्झलेट असतं, पण सुयांच्या रूपात नाही.

याच कुळातल्या एका रानटी जातीवर अथेन्सच्या कृषी विद्यापीठातल्या संशोधकांनी काम केलं. ते 2016 मध्ये प्रसिद्ध झालं. पानातले स्फटिक सकाळी मोठे असतात. दिवस चढतो तसे ते लहान होत जातात आणि रात्रीतून पुन्हा भरून येतात. पाणी कमी पडलं की पान आपली छिद्रं मिटून घेतं. पाणी वाचतं, पण बाहेरची हवाही आत यायची थांबते. अशा वेळी हे स्फटिक मोडतात आणि त्यांतून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडवर पान आपलं अन्न थोडंफार करत राहतं. दारं बंद असतानाही घर चालतं, ते आधी साठवलेल्यावर.

अळूने ज्याची सुई केली, राजगिऱ्याने त्याचीच पुंजी केली.

तिसरी जागा आपल्या शरीरात आहे. मुतखडा ज्याला झाला त्याला तिची ओळख सांगायला नको. बहुतेक मुतखडे याच कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. झाडाने त्यासाठी पेशी राखून ठेवली, आपल्याकडे तशी जागा नाही. म्हणून खडा वाटेत बसतो.

मुतखडा झाला की पुष्कळ लोक आपण होऊन दूध-दही बंद करतात. खड्यात कॅल्शियम आहे ना, मग कॅल्शियमच नको. डॉक्टर सहसा उलट सांगतात. पाणी भरपूर प्या, आणि पालक-अळू खायचंच असेल तर थोडं आणि दह्या-ताकाबरोबर खा. कारण आतड्यात अन्नातलं कॅल्शियम आणि ऑक्झलेट एकमेकांना भेटले, तर तिथेच त्यांची जोडी जमते आणि ती मुकाट्याने बाहेर पडते. तिथे भेट झाली नाही, तर ऑक्झलेट रक्तात उतरतं आणि त्यांची गाठ मूत्रपिंडात पडते. भेटणारे तेच दोघे. फक्त जागा चुकते, आणि माणूस रात्रभर तळमळतो.

आपल्या वाट्यालाही दिवसभरात असं पुष्कळ काही येतं. कुणाचा एखादा शब्द येतो, कुणाचं गप्प राहणं येतं. मुळांना निवड नसते तशी आपल्यालाही फारशी नसते. ते कुठून आलं, कुणामुळे आलं, याचा हिशेब आपण पुन्हा पुन्हा करतो. तो हिशेब बहुधा बरोबरही असतो. पण त्याने खडा विरघळत नाही. काही गोष्टी जिथल्या तिथे, ज्याच्या त्याच्याशी बोलून टाकलेल्या बऱ्या. काही साठवून ठेवाव्यात, पुढे कोरड्या दिवसांत उपयोगी पडतील म्हणून. आणि काहींची आपण नकळत सुई करून ठेवलेली असते. तिला आपली आग जोडायची की नाही, एवढं तरी आपल्या हातात असतं.