बंधुसंघातील तट

बंधुत्वाची शपथ घेऊन एकत्र आलेल्या मंडळींतही तट का पडावेत? मनुष्य अहंकारी आहे, असे उत्तर देऊन आपण मोकळे होतो. परंतु ते अपुरे आहे. कंपूचा उगम बहुधा द्वेषात नसून स्नेहात असतो. समान भाषा, समान व्यवसाय, जुना सहवास यांमुळे चार माणसे सभेनंतर एकत्र बसू लागतात. त्यात दोष काहीच नाही. परंतु सभेत व्हावयाचा निर्णय त्या बैठकीतच होऊ लागला, आणि पाचवा मनुष्य येताच बोलणे थांबू लागले, म्हणजे त्याच स्नेहाचा कंपू झाला असे समजावे. आतल्या चौघांना हे कळतही नाही. कारण त्यांच्या अनुभवास केवळ स्नेहच येत असतो.

या दृष्टीने फ्रीमेसन बंधुसंघाचा इतिहास मननीय आहे. त्यांच्या शाखेस लॉज म्हणतात. खाजगी रागलोभ लॉजच्या दाराआत आणू नयेत, मग धर्म वा राज्यकारण यांवरील वाद तर दूरच, असा दंडक त्यांच्या १७२३ च्या नियमग्रंथात आहे. तरीही १७५१ साली प्रामुख्याने लंडनवासी आयरिश मेसनांनी निराळी ग्रँड लॉज उभारली. पहिल्या संस्थेने जुने विधी बदलले, असा त्यांचा आक्षेप होता. गंमत अशी की, या नव्या संस्थेने स्वतःस ‘प्राचीन’ म्हणविले आणि तिच्याहून जुन्या संस्थेस ‘आधुनिक’ ठरविले! तट पडला म्हणजे शब्दही आपला अर्थ सोडतात.

मग दंडक व्यर्थ होता काय? तसे नाही. भांडण दाराबाहेर ठेवा, एवढेच सांगून भागत नाही. बाहेर ठेवलेल्या भांडणाचे पुढे काय करावयाचे, हेही सांगावे लागते. त्यांच्या दीक्षाविधीतील उपदेश ही उणीव भरून काढतो. ज्याच्याशी आपले वितुष्ट आहे असा बंधू लॉजमध्ये असेल, तर संघाचे चिन्ह असलेला एप्रन धारण करण्यापूर्वी त्यास बाहेर बोलवावे व समेट करावा. तो न झाल्यास दोघांनी, निदान एकाने, त्या दिवशी परत जावे. म्हणजे तक्रार ज्याच्याविषयी आहे, त्याच्यापाशीच ती करावयाची. कंपू जगतो तो तिसऱ्याच्या कानी घातलेल्या तक्रारीवर. तिसरा मनुष्य न्याय देऊ शकत नाही; तो केवळ पक्ष घेऊ शकतो.

येथे कोणी म्हणेल, अन्याय उघड दिसत असता समेटाची भाषा म्हणजे भित्रेपणा नव्हे काय? शंका रास्त आहे. शांततेसाठी गप्प बसणे हे बंधुत्व नव्हे. त्यामुळे बलवान कंपूचेच फावते. परंतु कंपू मोडण्यासाठी दुसरा कंपू उभारणे, हाही उपाय नव्हे. तसे करणारा जिंकला तरी कंपू उरतोच, फक्त त्यातील माणसे बदलतात. सत्य सांगावे, पण ते सभेत, सर्वांसमक्ष आणि ज्याच्याविषयी आहे त्याच्या तोंडावर.

बासष्ट वर्षांचा तो तट २७ डिसेंबर १८१३ रोजी मिटला. त्या वेळी दोन्ही पक्षांचे प्रमुख सख्खे भाऊ होते: राजा तिसरा जॉर्ज याचे पुत्र ड्यूक ऑफ केंट व ड्यूक ऑफ ससेक्स. संयुक्त संस्थेच्या प्रमुखपदासाठी थोरल्या केंटने धाकट्या ससेक्सचे नाव सुचविले. विधींचा मेळ घालण्याकरिता दोन्ही बाजूंच्या सभासदांची एक स्वतंत्र लॉज नेमण्यात आली. तिचे काम १८१६ पर्यंत चालले. पद एका दिवसात सोडता येते. सवयी जुळावयास वर्षे लागतात.

कोणत्याही संस्थेतील सभासदाने आत्मपरीक्षणार्थ एवढेच पाहावे: आपण ज्याच्याविषयी बोलतो, त्याच्याशी शेवटचे केव्हा बोललो?