पोळी नेली, आता तूपही घे

आजचं चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १७, श्लोक २० ते २२



भगवंत इथे दानाचे तीन प्रकार सांगतात. देणं हे कर्तव्यच, म्हणून परतफेडीची आशा न ठेवता योग्य वेळी, योग्य ठिकाणी, पात्र माणसाला दिलं ते सात्त्विक. फळावर डोळा ठेवून किंवा जड मनाने दिलं ते राजस. अपमान करून दिलं ते तामस.

परवा गावाकडच्या एका आजारी मुलासाठी मदतीचा मेसेज आला. पैसे पाठवायला मोबाईल उघडला आणि आठवलं, याचे वडील तर 'त्या' पक्षाचे! बोट थांबलं. पात्र म्हणजे गरजू, की आपल्या मताचा?

आपल्या हिंगोली जिल्ह्यातलं नर्सी हे नामदेव महाराजांचं गाव. कुत्र्याने पोळी पळवली तेव्हा महाराज काठी नाही, तुपाची वाटी घेऊन मागे धावले, ही कथा लहानपणापासून ऐकलीय. कुत्रा कोणाचा, हे त्यांनी विचारलं नाही.

आणि पैसा? पगार वाढला की देऊ, असं मी म्हणत आलो. पगार वाढला, हप्तेही वाढले. मजुरी करणारी माउली मात्र वारीत आपल्या फडक्यातली अर्धी भाकरी शेजारणीला देते. या तिन्ही श्लोकांत रक्कम कुठेच नाही, भाव आहे.

पैसे मी पाठवले, पण दुसऱ्या दिवशी. माझं दान राजसच ठरलं.

आजचा संकल्प : 'तो कोणाचा?' हे न विचारता एक मदत करूया.

पांडुरंग हरी!