नापास झालेला युधिष्ठिर

प्रतिसार निरीक्षक नेमकं करतो तरी काय, हे पुण्याच्या नातेवाइकांना मी आयुष्यभर सांगत आलो आणि त्यांना ते कधीच पटलं नाही. उत्तर प्रदेशात चोर पकडतो तो ठाण्याचा दरोगा. पोलीस लाइनीतला प्रतिसार निरीक्षक, म्हणजे आरआय, गाड्या सांभाळतो, गणवेश सांभाळतो, बंदोबस्ताला माणसं पुरवतो, आणि कोत सांभाळतो. कोत म्हणजे शस्त्रागार. शिपायांना चांदमारीला नेणं, मोजून काडतुसं देणं, मोजून खोके, म्हणजे झाडलेल्या काडतुसांची रिकामी टरफलं, परत घेणं आणि गेलेली सगळी माणसं धडधाकट परत आणणं हे त्याचं खरं काम. वडील भातखंडे संगीत महाविद्यालयात शिकवायला म्हणून लखनौला आले आणि इथलेच झाले. मुलाने पोलिसात जावं याचं त्यांना काही सुखदुःख नव्हतं. आईला होतं.

निवृत्तीनंतर इथल्या मराठी मंडळींच्या गणेशोत्सवात एक कीर्तनकार बुवा आले होते. प्रसादाच्या पंगतीत त्यांनी सरळच विचारलं, "साहेब, तुम्ही कुणाला मारलं नाहीत असं म्हणता. पण मारायला शिकवलंत हजारोंना. त्यातल्या एखाद्याची गोळी चुकीच्या माणसाला लागली, तर ते पाप कुणाच्या खात्यावर?" आजूबाजूची मंडळी हसली. प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता.

पहिलं उत्तर तयारच असतं. गीता. आपण निमित्तमात्र, हुकूम वरचा, फळ वरच्याचं. शिपायांच्या तोंडी मी हे वाक्य इतक्या वेळा ऐकलं आहे की त्याचा मला वीट आला. अर्जुनाला निमित्त हो म्हणून सांगितलं ते त्याने पुष्कळ प्रश्न विचारून झाल्यावर, आणि समोर उभी होती ती माणसं त्याला नावानिशी ठाऊक होती. रात्री दीड वाजता चौकात मोटरसायकल घेऊन उभ्या असलेल्या शिपायाला समोरच्या गाडीत कोण आहे हेच माहीत नसतं. गीतेतला रणांगणाचा निरोप त्याच्या कमरेच्या पिस्तुलाला लावणं हा गीतेवरही अन्याय आहे.

मला जास्त कामाचे वाटतात ते जैन आचार्य उमास्वाती. त्यांच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या आहे आणि तिच्या मुळाशी द्वेष किंवा क्रोध न ठेवता त्यांनी प्रमाद ठेवला आहे. बेसावधपणाने जीव जाणं म्हणजे हिंसा. जैन मुनी मुंगी वाचवत चालतो त्यामागे ही व्याख्या आहे. पण ती जगात कुठे सगळ्यात काटेकोर लागू पडत असेल तर चांदमारीच्या मैदानावर. तिथे कुणालाच कुणाला मारायचं नसतं. तिथे जीव जातो तो नळी खाली करायच्या ऐवजी बोलता बोलता बाजूला वळवल्यामुळे, काडतूस काढलं आहे असं गृहीत धरल्यामुळे.

म्हणून आमचा सगळा कर्मकांडाचा पसारा. लाल झेंडे लागल्याशिवाय पहिली गोळी नाही. बटाच्या, म्हणजे लक्ष्यामागच्या मातीच्या बांधाच्या, खंदकातली माणसं मोजल्याशिवाय नाही. नवीन पोराला आधी बिनगोळीचा सराव: नळीवर नाणं ठेवायचं आणि चाप असा ओढायचा की नाणं पडता कामा नये. श्वास अर्धा सोडून थांबवायचा. संपल्यावर प्रत्येकाची नळी उघडून बघायची, बघितली म्हणणाऱ्याची पुन्हा बघायची. आणि शेवटी खोके. दिलेल्या काडतुसांइतके पितळी खोके परत आले नाहीत तर कुणी हलायचं नाही. श्रावणात गुडघाभर गवतात एका रिकाम्या खोक्यासाठी अख्खी तुकडी अंधार पडेपर्यंत रांगताना मी पाहिली आहे, रांगवलीही आहे. सरकारला पितळेचा हिशेब चोख लागतो. त्या दिवशी चाप ओढायला शिकलेल्या माणसाच्या विवेकाचा हिशेब मात्र कुठल्याच रजिस्टरात मागितलेला मला दिसला नाही.

लखनौपासून दोन-तीन तासांच्या वाटेवर शरयू आहे. वाल्मीकींचा दशरथ त्याच नदीकाठी रात्री शिकारीला गेला होता. तेव्हा तो राजा नव्हता, तरुण राजकुमार होता, आणि आवाजावर बाण मारण्यात त्याची ख्याती झाली होती. पाण्यात घडा बुडाल्याचा आवाज त्याला हत्तीचा वाटला. बाण अचूक लागला, आंधळ्या आईबापांसाठी पाणी भरणाऱ्या पोराला. ही गोष्ट आपण श्रावणबाळाच्या मातृपितृभक्तीसाठी सांगतो. एकदा ती चांदमारीच्या उस्तादाच्या बाजूने वाचून पाहा. नेमबाजी अव्वल, ओळख शून्य. रात्री, न पाहता, आवाजावर मारण्याची कला कुणीतरी त्या पोराला शिकवली होती, आणि ती साधली म्हणून दरबारात वाहवा झाली असणार. त्या गुरूचं नाव गोष्टीत मला कुठे सापडलं नाही. बुवांचा प्रश्न नेमका त्याच्याबद्दलचा आहे.

मुलाचा बाप दशरथाला जे सांगतो ते तर एखाद्या न्यायाधीशाने लिहावं तसं आहे. तू जाणूनबुजून हे केलं असतंस तर तुझं कुळ उरलं नसतं. अजाणता केलंस आणि स्वतः येऊन सांगितलंस म्हणून तू जिवंत आहेस. पण शाप सुटत नाही. पुत्रशोकाने मरशील, हे कायम राहतं. खून आणि हलगर्जीपणाने झालेला मृत्यू वेगळे, पण दुसरा माफ नाही. आमच्या दंडविधानात 302 आणि 304-अ ही दोन कलमं जे म्हणत होती तेच.

सप्टेंबर 2018 च्या अखेरीस मध्यरात्रीनंतर लखनौच्या गोमतीनगरात एका कॉन्स्टेबलने समोरून गोळी झाडली. गाडीत एका बड्या मोबाइल कंपनीचा अधिकारी सहकारी महिलेसोबत घरी चालला होता. गाडी थांबवली नाही, एवढाच त्याचा अपराध. गोळी काच फोडून गेली आणि तो मेला. स्वसंरक्षण केलं, असं शिपायाचं म्हणणं. त्याला अटक झाली, बडतर्फ केलं गेलं, आणि मग त्याच्या बाजूने काही शिपायांनी काळ्या फिती लावल्या. त्या फितींवर बाहेरचे लोक संतापले. मला त्यांत एक निराळीच गोष्ट दिसली. त्या पोरांना खरंच वाटत होतं की हे आपल्यापैकी कुणाच्याही हातून झालं असतं. ते खरं होतं, आणि तेच भयंकर होतं.

पंधरवड्याच्या आत संभल जिल्ह्यात उलटं घडलं. चकमकीत एका उपनिरीक्षकाचं पिस्तूल अडकलं आणि गुन्हेगारांवर दहशत बसावी म्हणून त्याने तोंडाने "ठांय ठांय" केलं. चित्रफीत देशभर फिरली, लोक पोट धरून हसले. डिसेंबर 2022 मध्ये खलीलाबादच्या ठाण्यात तपासणीच्या वेळी एका उपनिरीक्षकाने गोळी नळीच्या तोंडातून आत सारली. पुन्हा हसू. मला विचाराल तर गोमतीनगर, संभल आणि खलीलाबाद ही एकाच आजाराची तीन रूपं आहेत. हत्यार हातात आहे आणि हाताला त्याची ओळख नाही. मुंबईही याला अपवाद नव्हती. 26 नोव्हेंबरच्या हल्ल्यानंतर नेमलेल्या राम प्रधान समितीने दारूगोळ्याची आणि गोळीबाराच्या सरावाची उणीव नोंदवली होती. तुकाराम ओंबळे गिरगाव चौपाटीवर लाठी घेऊन उभे होते आणि त्यांनी एके-47 ची नळी हातांनी धरली. त्यांच्या शौर्याला अशोकचक्र मिळालं. व्यवस्थेच्या हिशेबाचं काय, ते कुणी विचारत नाही.

चळवळीत असो की सरकारात, गोळीला बाजू कळत नाही. याच लखनौजवळ 9 ऑगस्ट 1925 ला काकोरीची गाडी थांबवली गेली. क्रांतिकारकांनी आधीच ठरवलं होतं की प्रवाशांना हात लावायचा नाही, खजिना सरकारचा आहे तेवढाच न्यायचा. मन्मथनाथ गुप्त तेव्हा सतरा वर्षांचे होते. त्यांच्या हातातल्या माउझर पिस्तुलातून नकळत गोळी सुटली आणि अहमद अली नावाचा प्रवासी मेला. बायकांच्या डब्यात बसलेल्या आपल्या पत्नीकडे जायला तो खाली उतरला होता. त्या एका गोळीने खटल्याला खुनाचा रंग दिला. बिस्मिल, अशफाकुल्ला, रोशनसिंह, लाहिरी डिसेंबर 1927 मध्ये फासावर गेले. हजरतगंजात आज जिथे जीपीओ आहे, तिथल्या रिंग थिएटरात तो खटला चालला. याच खटल्यात दहा वर्षांची शिक्षा भोगलेले बुलढाणा जिल्ह्यातल्या चिखलीचे रामकृष्ण खत्री पुढे लखनौतच राहिले आणि 1996 मध्ये इथेच वारले. जीपीओवरून जाताना मला फाशी गेलेल्यांच्या आधी अहमद अली आठवतो. हेतू इतका शुद्ध असलेल्या टोळीतही प्रमादाला वाट मिळते, मग महिन्याच्या पगारावर रात्रपाळी करणाऱ्या आमच्या पोराची काय कथा.

आता द्रोणाचार्यांकडे येतो, कारण प्रत्येक उस्ताद चांदमारीच्या आदल्या दिवशी तीच गोष्ट सांगतो. झाडावर कृत्रिम पक्षी. आधी युधिष्ठिराला बोलावलं. काय दिसतं? झाड दिसतं, तुम्ही दिसता, भाऊ दिसतात, पक्षीही दिसतो. द्रोण चिडले, त्याला बाजूला काढलं. अर्जुनाला फक्त पक्ष्याचं डोकं दिसलं आणि तो पास झाला. ऑलिंपिकसाठी ही गोष्ट उत्तम. पोलिसासाठी ती घातक आहे, असं मी नोकरीत असतानाही सांगत असे आणि त्याबद्दल मला पंडित म्हणून चिडवलं जाई. ज्या शिपायाला चौकात फक्त पळणाऱ्या माणसाचं डोकं दिसतं, त्याला मागची चहाची टपरी दिसत नाही, रिक्षातली बाई दिसत नाही, त्या माणसाचे रिकामे हात दिसत नाहीत. मला भाऊ, झाड, पक्षी आणि स्वतः गुरू दिसणारा माणूस हवा. पोलिसांच्या मैदानावर युधिष्ठिर पहिला यायला हवा होता.

आणि महाभारताने तो हिशेब नंतर चुकता केलाच आहे. शेवटी अश्वत्थामा ब्रह्मास्त्र सोडतो, अर्जुनही सोडतो, व्यास आणि नारद मध्ये उभे राहतात. अर्जुन आपलं अस्त्र मागे घेतो. अश्वत्थाम्याला सोडता येतं, आवरता येत नाही, आणि ते उत्तरेच्या गर्भावर जाऊन पडतं. दोघांचे गुरू एकच होते, द्रोण. अस्त्र मागे घ्यायला व्रतस्थ राहावं लागतं, असं तिथेच सांगितलं आहे. व्रत म्हणजे काही आभाळातली गोष्ट नव्हे. रोजचा सराव, रोजची तपासणी, थकलेल्या माणसाला पिस्तूल न देणं. जानेवारी 2020 च्या प्रजासत्ताक दिनी उत्तर प्रदेश पोलिसांनी .303 ला निरोप दिला तेव्हा जुने लोक भावुक झाले होते. मला त्या रायफलीची एकच गोष्ट हवीशी वाटायची. दर गोळीनंतर बोल्ट हाताने ओढावा लागे, आणि तेवढ्या वेळात माणसाला दुसरा विचार सुचू शकत असे. आताच्या हत्यारात तो वेळ यंत्राने खाल्ला आहे. तो प्रशिक्षणाने परत द्यावा लागेल.

तर बुवा, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं आहे. पाप चाप ओढणाऱ्याचं आहेच. पण ज्याने त्याला वर्षातून मूठभर गोळ्या मारायला देऊन रात्रीच्या गस्तीवर पाठवलं, ज्याने न झालेली चांदमारी झाली म्हणून कागदावर सही केली (अशा सह्या मी पाहिल्या आहेत), आणि ज्याने केवळ नेमाला गुण दिले, त्याचाही त्यात वाटा आहे. मेलेला माणूस ज्याला अनोळखी होता, त्याच्याहून मला हा दुसरा वाटेकरी जास्त दोषी वाटतो. त्याच्याकडे वेळ होता.

चकमकींबाबत पीयूसीएल विरुद्ध महाराष्ट्र या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये निर्देश दिले. त्यांत एक असाही आहे की चकमकीनंतर लगेच बढती किंवा शौर्यपदक देऊ नये. आमच्या मैदानावरच्या गुणपत्रकाला हे अजून लागू झालेलं नाही. तिथे लागलेल्या गोळ्यांचा रकाना आहे. ओलीस धरलेल्या बाईचं चित्र समोर आल्यावर बोट चापावरून काढलं, याला गुण देणारा रकाना हवा, आणि तो नेमाच्या गुणांइतकाच जड हवा. अशी लक्ष्यं तयार करायला पुठ्ठा आणि रंग लागतो, मोठा निधी लागत नाही. वाचकांनाही एक विनंती आहे. आपल्या जिल्ह्यात पोलिसांच्या चांदमारीवर किती काडतुसं मंजूर झाली आणि त्यांतली किती खरोखर झाडली गेली, हे माहितीच्या अधिकारात विचारा. अर्जाला दहा रुपये लागतात.