खेद आणि पश्चात्ताप

इंग्रजी शिकणारा एक तरुण वही घेऊन आम्हांकडे आला. "मी वडिलांशीं भांडलों नसतों तर बरें झालें असतें," या वाक्याचें त्यानें भाषांतर केलें होतें, तें असें: "आय विश आय डिड नॉट क्वॉरल विथ माय फादर." आम्हीं सांगितलें कीं, यांत चूक आहे. इंग्रजींत 'विश' या शब्दापुढें साधा भूतकाळ घातला म्हणजे तो आजच्या उणिवेविषयीं होतो. "आय विश आय न्यू इंग्लिश" म्हणजे मला आज इंग्रजी येत नाहीं, येत असतें तर बरें. होऊन गेलेल्या गोष्टीचा खेद सांगणें असल्यास आणखी एक पाऊल मागें जावें लागतें: "आय विश आय हॅड नॉट क्वॉरल्ड." जी गोष्ट अजून घडण्याजोगी आहे, तिजसाठीं बहुधा 'होप' हा निराळा शब्द योजितात. आपल्या मराठींतही हा भेद आहेच. "देव त्याचें भलें करो" हा आज्ञार्थ, आणि "भलें झालें असतें" हा संकेतार्थ. दोहोंमध्यें केवढें अंतर!

व्याकरण सुधारलें, परंतु वाक्य आमच्या मनांत राहिलें, कारण तें त्या तरुणाचें स्वतःचेंच होतें. असा संकेतार्थ बोलणें म्हणजे पश्चात्ताप करणें होय काय? घरोघर फिरणाऱ्या उपदेशकबंधूंस हीं वाक्यें नित्य ऐकावीं लागतात. "पाऊस पडला असता तर कर्ज फेडलें असतें," असें म्हणणारा पुष्कळदां पावसाच्याच माथीं दोष मारतो. उधळ्या पुत्राकडे पाहा (लूक 15). डुकरें चारीत असतां 'घर सोडलें नसतें तर' असें तो म्हणत नाहीं. उठून बापाकडे जाण्याचें ठरवितो, म्हणजे त्याची भाषा भविष्यकाळाची आहे.

तथापि ज्याचा अपराध केला तो मनुष्यच मेला असेल, तर कोणता काळ उपयोगी पडणार? तेथें 'असतें'खेरीज दुसरें रूप उरत नाहीं, आणि तें बोलणाऱ्यास कोणीं दोष लावूं नये. भाऊ मेल्यावर मार्थाही प्रभूशीं तशाच शब्दांत बोलली (योहान 11), आणि तो तिजवर रागावला नाहीं. मात्र ती तेवढ्यावर थांबली नाहीं. 'आतांही' हा शब्द लागलाच तिच्या तोंडीं आला.

त्या तरुणाचे वडील जिवंत आहेत. शेजारच्याच गांवीं राहतात. हें कळल्यावर आम्हीं वही मिटून विचारलें, "मग केव्हां जाणार?" तो बराच वेळ खालीं पाहत राहिला. मग म्हणाला, "गेलों, आणि त्यांनीं दार उघडलें नाहीं तर?" याचें उत्तर आम्हांपाशीं नव्हतें. रविवारीं उपासना आटोपल्यावर त्याजबरोबर जावयाचें आम्हीं कबूल केलें आहे.