गाडी आपली, रस्ता सर्वांचा

कोटींची गाडी रोज चालवणे चूक आहे का? आपण चटकन ‘हो’ म्हणतो. त्यात थोडा मत्सरही असतो. आपल्या भंडाऱ्याच्या पितळेचे पाहा : रोज वापरलेले भांडे घासून लखलखते, माळ्यावरचे काळे पडते. वस्तू वापरण्यात दोष नाही. मग खटकते ते काय?

सचिन तेंडुलकर यांनी २००२ साली ब्रॅडमन यांच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी केली, म्हणून फियाट कंपनीने त्यांना फेरारी ३६० मोडेना भेट दिली. पुढे २००३ मध्ये सरकारने तिचे सुमारे १ कोटी १३ लाखांचे आयात शुल्क माफ केले. लोकांना गाडीपेक्षा ही माफी बोचली. प्रकरण न्यायालयात गेले आणि अखेर शुल्क कंपनीने भरले.

गाडी एकट्याची असते, रस्ता मात्र सर्वांच्या पैशांतून होतो. तुमसरच्या रस्त्यावर धानाचा ट्रॅक्टर, सायकलवरची शाळकरी मुलगी आणि भरधाव मोटार एकत्रच चालतात. म्हणून गाडीच्या किमतीपेक्षा दोन गोष्टी विचाराव्यात : मालकाने आपला वाटा भरला का, आणि सायकलवालीला वाट दिली का? मोटारसायकल काढताना हेच आपण स्वतःलाही विचारू या.